पॉलिशमध्ये जातं किती, आणि त्यातलं परत येतं किती

मुलुंडच्या एका ताईंचा प्रश्न आहे. दोन वर्षं त्या घरीच चांदीचे दागिने हाताने घडवतात, अधूनमधून २२ कॅरेटचं एखादं छोटं कामही येतं. अडचणी तीन. बफवर, म्हणजे मोटरवर फिरणाऱ्या पॉलिशच्या कापडी चाकावर धरलं की नक्षी बोथट होते, आणि तरीही मनासारखी झळाळी येत नाही. आजीची बोरमाळ काळवंडली आहे, ती दागिने धुण्याच्या घरच्या अल्ट्रासोनिक यंत्रात टाकली तर चालेल का? आणि दोन वर्षांचा कीस, घासकागद, झाडलोट असं सगळं एका बरणीत साठलंय. एक माणूस ती बरणी उक्त्या भावात मागतोय. त्याला द्यावी, की नायट्रिक ॲसिड आणून गॅलरीतच स्वतः चांदी-सोनं वेगळं करावं?

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते थांबण्यासारखं नाही. गॅलरीत ॲसिड अजिबात नको. आणि बरणीसुद्धा आज देऊ नका. दोन्हीची कारणं पुढे येतील. त्याआधी गिरगावातली एक गोष्ट.

आम्ही चाळीत राहायचो तेव्हा दुपारच्या वेळी पॉलिशवाला यायचा. पुरुषमाणसं कामावर गेलेली, हा दारात बसून आधी तांब्याचा तांब्या फुकट चकचकीत करून दाखवायचा, मग म्हणायचा, बाई, पाटल्या द्या. माझे वडील सोनार, त्यामुळे आमच्या घरी त्याची डाळ शिजली नाही. शेजारच्या काकूंनी मात्र दिल्या. पाटल्या परत आल्या त्या नव्यासारख्या पिवळ्याधमक. आठ दिवसांनी वडिलांनी काट्यावर घातल्या तर जवळजवळ पाऊण तोळा कमी! त्याच्या त्या वाटीत हायड्रोक्लोरिक आणि नायट्रिकचं मिश्रण होतं, म्हणजे अम्लराज. वरचा थर विरघळला म्हणून खालचं ताजं सोनं चमकलं. विरघळलेलं सोनं वाटीतल्या पाण्यात. घरी जाऊन त्यात हिराकस (फेरस सल्फेट) टाकला की तपकिरी भुकटी होऊन सोनं तळाला बसतं.

तो चोर होता. पण काम आपलंच करत होता. वरचा थर काढायचा, आणि काढलेलं जिथे जातं ते भांडं आपल्या हातात ठेवायचं. आपल्या बफची मोटर पहिली अर्धी गोष्ट करते, दुसरी आपण करत नाही. तुमचे प्रश्न तीन दिसत असले तरी नक्षी बोथट होणं आणि बरणी भरणं ही एकाच कामाची दोन टोकं आहेत. नक्षीवरून जे उडालं तेच बरणीत आहे, निदान त्यातलं जे पंख्याने उडवलं नाही ते.

आता नक्षी का जाते ते बघू. तुम्ही बफकडून कानशीचं काम करून घेताय. झाळून, म्हणजे ज्योतीवर सांधे जोडून झालं, थोडं घासलं, आणि उरलेले ओरखडे बफवर ट्रिपोली लावून काढू, असा बेत असतो. ट्रिपोली हा कापणारा मसाला आहे, तो ओरखडा काढतो हे खरं, पण कापडाचा बफ मऊ असल्यामुळे तो खोलगट जागेत पोचतच नाही. उंच जागा, धारा, कोपरे आधी खातो. म्हणजे ओरखड्याच्या तळापर्यंत पोचेस्तोवर पानाफुलाच्या कडा वितळल्यासारख्या गोल होतात. सहा इंची बफ मिनिटाला २८०० फेऱ्यांच्या मोटरवर लावला की त्याच्या कडेचा वेग ताशी ८० किलोमीटर पडतो. त्या वेगाला बारीक रवे किती वेळ टिकणार?

म्हणून बफवर जाण्याआधीच काम जवळजवळ संपलेलं असलं पाहिजे. बारीक कानस, मग घासकागद ४०० नंबरचा, मग ६००, ८००, १२००. दर वेळी घासायची दिशा बदलायची. ४०० ने आडवं घासलं असेल तर ६०० ने उभं, आणि आडव्या रेघांपैकी एकही दिसेनाशी होईपर्यंत पुढचा कागद हातात घ्यायचा नाही. बऱ्याच जणांचा गोंधळ इथेच होतो. ४०० वरून थेट १२०० वर उडी मारतात, पृष्ठभाग छान दिसायला लागतो, रूज, म्हणजे शेवटची झळाळी देणारा मसाला लावल्यावर खालच्या रेघा वर येतात, आणि मग पुन्हा ट्रिपोली, पुन्हा बफ, पुन्हा धातू हवेत.

दुसरं म्हणजे, झाळायच्या आधी पॉलिश करा. जोडल्यावर जिथे बोट जाणार नाही, तो भाग सुटा असतानाच १२०० पर्यंत आणून ठेवायचा. कोंदणाच्या आतली बाजू, जाळीमागचा पत्रा, दोन तारांमधली खाच. मी भुलेश्वरला ज्या बंगाली उस्तादांच्या हाताखाली शिकलो, ते जाळीच्या प्रत्येक भोकातून मसाला लावलेला दोरा ओढायला लावायचे. दोऱ्यांचा जुडगा एका टोकाला खिळ्याला बांधायचा, त्यावर ट्रिपोली घासायची, एक-एक दोरा भोकातून घालून दागिना दोऱ्यावर मागेपुढे करायचा. कंटाळवाणं काम, पण कारण कळलं ते पाचव्या वर्षी, जेव्हा दुसऱ्या कारखान्यातली तीच जाळी शेजारी ठेवून पाहिली. आमच्या जाळीतून उजेड येत होता, त्यांच्या जाळीत काळपट सावल्या होत्या.

बफवर धरताना दागिना एका जागी स्थिर धरू नका, सतत फिरवा. एकाच दिशेने धरलं की बारीक भोकाच्या मागे शेपटीसारखी रेघ उठते आणि ती मग काढता काढता नाकी नऊ येतात. सपाट भागासाठी कापडी बफ नको, कडक नमद्याचा घ्या, कडा टिकतात. ट्रिपोलीचा बफ वेगळा, रूजचा वेगळा, आणि मधे दागिना साबणाच्या कोमट पाण्यात स्वच्छ धुवायचा. ट्रिपोलीचा एक कण रूजच्या बफवर गेला की तो बफ बाद. चांदीचा बफ सोन्याला लावायचा नाही, हे झळाळीसाठी तर आहेच, पण बरणीसाठी त्याहून जास्त आहे.

साखळी हातात गुंडाळून बफला कधीच लावायची नाही. लाकडी पट्टीवर गुंडाळून, दोन्ही टोकं दाबून धरायची. माझ्या उजव्या तर्जनीचं नख आजही वाकडं आहे, वय एकोणीस होतं, आणि उस्ताद जेवायला गेले होते. हातमोजेही घालू नका, बफ ते ओढून घेतो. केस बांधा, ओढणी काढून ठेवा. आणि एन-९५ मास्क, कारण ट्रिपोलीत सिलिका असते आणि ती फुफ्फुसात बसली की निघत नाही. माझ्या पिढीतल्या कितीतरी पॉलिशवाल्यांचा खोकला मी ऐकला आहे.

आता झळाळी. तुमच्या चांदीवर रूज मारल्यावर जो राखाडी-जांभळट डाग राहतो, तो मळ नाही. ९२.५ टंच चांदीत साडेसात टक्के तांबं असतं. झाळताना ज्योतीखाली तांबं हवेतला प्राणवायू घेतं आणि पृष्ठभागाच्या आत थर धरून बसतं. तुम्ही तो डाग काढायला जितकं बफ कराल तितका पत्रा झिजेल, डाग खालीच असतो. उपाय आधीचा आहे. बोरिक पावडर स्पिरिटमध्ये कालवून दागिन्यावर लेप द्यायचा, स्पिरिटची बाटली बंद करून लांब ठेवायची, मगच लेप पेटवायचा. पांढरी साय धरते, तिच्यावर झाळकाम करायचं. आणि डाग पडलाच असेल तर उलटी वाट धरा: मंद तापवायचं, सौम्य गंधकाम्लाच्या पाण्यात टाकायचं, धुवायचं, पुन्हा तापवायचं. चार-पाच वेळा केलं की वरच्या थरातलं तांबं निघून जातं आणि जवळजवळ शुद्ध चांदीची पांढरी कातडी वर येते. तिला मग बफ लावायचाच नाही, पितळी तारेच्या मऊ ब्रशने साबण लावून घासायचं. त्या तेजाबाच्या पाण्यात लोखंडी चिमटा मात्र घालू नका, सगळ्या दागिन्यांवर तांब्याचा लाल मुलामा चढतो आणि मग लोक मला फोन करतात.

घरच्या कामाला माझं मत विचाराल तर दुसरी मोटर घेण्यापेक्षा एक छोटा फिरता टम्बलर घ्या. त्यात स्टेनलेस स्टीलचे वेगवेगळ्या आकारांचे छर्रे, ते बुडतील एवढं पाणी, भांड्याच्या साबणाचा एक थेंब, आणि तास-दोन तास. छर्रे धातू काढत नाहीत, दाबतात. जुने सोनार अकीक दगडाच्या ओपणीने हेच करायचे, पृष्ठभाग दाबून त्याला ओप आणायचे. दागिना थोडा कडकही होतो आणि काट्यावर वजन होतं तेवढंच राहतं. एवढंच की ओरखडे जात नाहीत, तेही सुंदर चमकायला लागतात. म्हणजे कागदाचं काम टळत नाही. मोती, पोवळं, ओपल, फिरोजा बसवलेलं काही त्यात टाकायचं नाही. २२ कॅरेटला तर मी आजही शेवटचा हात ओपणीचाच देतो. ते सोनं इतकं मऊ असतं की बफवर चमकण्याआधी पसरतं.

बोरमाळ. ताई, ती अल्ट्रासोनिकमध्ये टाकू नका. जुन्या बोरमाळेचे मणी भरीव नसतात, सोन्याच्या पातळ पत्र्याचे पोकळ मणी करून आत लाख भरलेली असते. कोल्हापुरी साजाची पानंही तशीच. लाख साधारण साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडते, आणि अल्ट्रासोनिकचा हीटर बहुतेक वेळा साठावर असतोच. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकाचा साज आमच्या नव्या मुलाने गरम पाण्यात सोडला. पाच मिनिटांनी टाकीतलं पाणी विटकरी रंगाचं. लाख भोकातून बाहेर, पानं हलकी आणि बोटाने दाबली की चेपणारी. पुन्हा लाख भरून, पोचे काढून साज परत केला, मजुरी घेतली नाही, आणि त्या बाईंना खरं काय ते सांगितलं. त्यांचा चेहरा अजून आठवतो.

बोरमाळेला चार रिठे रात्रभर भिजत घाला. सकाळी ते पाणी कोमटही करू नका, गारच घ्या. लहान बाळाचा मऊ ब्रश त्यात बुडवून झटकायचा आणि एकेक मणी हलक्या हाताने घासायचा. माळ पाण्यात बुडवून ठेवायची नाही, पाणी भोकातून आत शिरतं आणि दोरा कुजतो. मग ओल्या सुती फडक्याने पुसून सावलीत पसरून ठेवा. आजीच्या दागिन्यावरचा काळेपणा निम्म्याहून अधिक तेल, हळद-कुंकू आणि घाम असतो, तो रिठ्याने जातो. टूथपेस्ट लावू नका, तिच्यात घासणारी पूड असते आणि या मण्यांचा पत्रा आधीच कागदासारखा असतो. दोरा जुना झाला असेल तर पटवेकऱ्याकडून गाठवून घ्या.

आता बरणी. मुंबईत झवेरी बाजाराच्या आसपास, मुंबादेवीपासून भुलेश्वरपर्यंत, कारखान्यातली धूळ हा वेगळा धंदाच आहे. पहाटे दुकानं उघडायच्या आधी गल्लीत बारीक ब्रश आणि पत्र्याची सुपडी घेऊन रस्ता झाडणारी माणसं दिसतील, काही जण गटाराच्या झाकणापर्यंत पोचलेले. मराठीत त्यांना झारेकरी म्हणतात, हिंदीत न्यारिये. सोनाराच्या दुकानातली राख आणि माती विकत घेऊन, पाण्यात घोळवून त्यातला कण काढणं हा त्यांचा पिढीजात धंदा. माझ्या उस्तादांच्या कारखान्यात हात धुवायला नळ नव्हता, पिंप होतं. जेवायच्या आधी, घरी जायच्या आधी, सगळ्यांनी त्याच पिंपात हात धुवायचे, काम करताना नेसलेल्या लुंग्याही त्यातच खळबळायच्या. महिन्यातून एकदा वरचं पाणी काढून तळाचा गाळ वाळवायचा. कारखाना हलवताना जुन्या लाद्या उखडून त्यांच्या फटींतली मातीसुद्धा विकलेली मी पाहिली आहे, आणि तिचे आलेले पैसे नव्या जागेच्या वायरिंगला पुरले.

वडिलांची पिढी तर याहून चिकट. १९६३ साली १४ कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायलाच बंदी आली. पुढे १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा झाला, तो १९९० पर्यंत होता. त्या वर्षांत काम नसलेला सोनार दुकानातला केरही तीनदा चाळून टाकायचा. ही सवय आमच्या हाडात आहे, तुम्हाला ती मुद्दाम लावून घ्यावी लागेल.

सवय म्हणजे वेगवेगळे डबे. चांदीचे आणि सोन्याचे पूर्ण वेगळे, आणि त्यातही साफ तुकड्यांचा डबा निराळा: तारेची टोकं, पत्र्याच्या कतरणी, ज्यांना झाळ लागलेली नाही. हे तुम्ही स्वतः सवागी (टाकणखार) टाकून मुशीत वितळवून पुन्हा वापरू शकता, निम्म्याहून अधिक नवी धातू घालून. ज्यांना झाळ लागली आहे ते तुकडे यात नकोत, त्यांचा टंच वेगळा असतो. कल्हईवाल्या झाळेचा, म्हणजे कथील-शिशाचा, एक ठिपकाही सोन्यात गेला तर पत्रा वळवताना बिस्किटासारखा तुटतो. मग कानशीचा कीस. लाकडी खुंटीखाली चामड्याची झोळी बांधा, मांडीवर फडकं ठेवून काम चालणार नाही. कीस वाळला की त्यातून चुंबक फिरवा, करवतीच्या तुटलेल्या पात्यांचे आणि कानशीचे लोखंडी कण निघतात. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून फिरवायचा, मग पिशवी उलटी केली की लोखंड आपोआप सुटतं. हे मला कोणी सांगितलं नव्हतं, दहा वर्षं चुंबक नखाने खरवडत होतो.

घासकागद, झिजलेले बफ, मसाल्याने भरलेल्या चिंध्या, मास्कसुद्धा एका पिशवीत. झाडलोट दुसऱ्या पिशवीत. धुण्याचं पाणी बादलीत, त्यात तुरटीचा खडा फिरवून रात्रभर ठेवायचं, सकाळी वरचं निवळ ओतून गाळ राखायचा. बफभोवती तीन बाजूंनी खोकं आणि मागे जुन्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी लावा, त्याची पिशवी म्हणजे तुमची सगळ्यात श्रीमंत पिशवी. आणि काम करताना पंखा बंद. मे महिन्यात हे सांगणं क्रूरपणा आहे, मला कळतं.

या पिशव्या घरी जाळू नका. इमारतीत धूर होईल हा एक भाग, दुसरं म्हणजे जोरात जाळलं की बारीक भुकटी धुराबरोबर वर जाते. गाळणीवाला, म्हणजे धातू गाळून वेगळी करून देणारा, त्या बंद भट्टीत मंद जाळतो, राख दळून चाळतो, मग सवागी, सोडा आणि थोडा सोरा घालून वितळवतो. धातूची गोळी तळाला बसते, काचेसारखा मळ वर. मग सोन्याच्या गोळीला चौथाई देतात. हे समजून घ्या, कारण गाळणीवाल्याशी बोलताना उपयोगी पडतं. सोनं दाट असेल तर नायट्रिक ॲसिड आत शिरत नाही, म्हणून त्यात चांदी मिसळून सोन्याचं प्रमाण चौथ्या हिश्श्यावर आणायचं. १० ग्रॅम २२ कॅरेटच्या गोळीत ९.१६ ग्रॅम शुद्ध सोनं. ते एकूण वजनाच्या चौथा हिस्सा व्हायला एकूण ३६.६४ ग्रॅम हवं, म्हणजे २६.६४ ग्रॅम चांदी घालायची. वितळवून पाण्यात ओतली की दाणे होतात, ते ॲसिडमध्ये उकळले की चांदी-तांबं विरघळतं आणि सोनं तपकिरी चुऱ्यासारखं उरतं. विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या सोडून परत मिळवतात. गंमत म्हणजे आपली चांदीसुद्धा कामगार म्हणून उसनी जाते आणि परत येते.

उकळताना तांबूस धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. गॅलरीत करायचं नाही ते याच्यामुळे. हा धूर घशाला लागतो, खोकला येतो, थोड्या वेळाने बरं वाटतं, माणूस जेवून झोपतो, आणि कित्येक तासांनी फुफ्फुसात पाणी भरायला लागतं. आमच्या कारखान्याला लागून एक भट्टी होती. तिथल्या एका मुलाला मध्यरात्री इस्पितळात नेलं तेव्हा डॉक्टरांना दुपारी काय झालं होतं ते सांगायला कोणाला सुचलंच नाही. तो वाचला. महापालिकेच्या सी वॉर्डातल्या, म्हणजे याच भुलेश्वर-झवेरी बाजाराच्या भागातल्या अशा भट्ट्यांच्या धुराड्यांवर महापालिकेने कारवाई केली तेव्हा बाजारात ओरड झाली, पण वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. शिवाय उरलेलं पाणी तुम्ही ओतणार कुठे, सोसायटीच्या मोरीत? आणि विरघळलेल्या चांदीत किंवा सोन्यात अमोनिया टाकायचे जे उपाय व्हिडिओत दाखवतात, त्यातून वाळल्यावर धक्क्याने फुटणारा स्फोटक पदार्थ तयार होतो. पारा लावून कण गोळा करणं आणि तो पारा उडवून लावणं हेही तसंच, पाऱ्याची वाफ दिसत नाही, वासही येत नाही. सायनाइडने दागिने धुण्याबद्दल तर मी इथे बोलणारच नाही.

म्हणून काम गाळणीवाल्याकडेच द्यायचं, पण डोळे उघडे ठेवून. बऱ्याच वर्षांपूर्वी मी चौदा महिन्यांची पॉलिशची धूळ एका गाळणीवाल्याकडे ठेवून आलो. तो म्हणाला, संध्याकाळी या. माझ्या वहीप्रमाणे त्यात अठरा-एकोणीस ग्रॅम सोनं असायला हवं होतं. संध्याकाळी हातात अकरा ग्रॅमची गोळी ठेवली. भांडायला माझ्याकडे पुरावा काय, माझीच वही. तेव्हापासून डबा घेऊन जातो, जेवणाचा डबा, आणि जाळण्यापासून ओतण्यापर्यंत तिथेच स्टुलावर बसतो. राख माझ्यासमोर चाळायची, चाळणीवर राहिलेले जाड कण माझ्यासमोर तोलायचे. गोळी वितळलेली असताना ढवळायची, मग तिच्या वरून आणि खालून दोन्हीकडून नमुना घ्यायचा. टंच फक्त मशीनवर काढला तर समाधान मानू नका. त्या मशीनचे किरण पृष्ठभागाच्या अगदी पातळ थरापुरतंच बघतात आणि गोळीच्या पोटात वेगळं असू शकतं. रक्कम मोठी असेल तर शिसं घालून भट्टीत काढलेली कसोटी मागा. जळणावळ, गाळणावळ आणि घट किती धरणार हे भट्टी पेटायच्या आधी कागदावर.

हे सगळं एका बरणीसाठी करायचं का? तुमच्याकडे वही नसेल, तरी बिलं असतीलच. दोन वर्षांत विकत घेतलेली चांदी बेरीज करा, झाळेसकट. त्यातून विकलेल्या दागिन्यांचं निव्वळ धातूचं वजन वजा, खडे सोडून. हाताशी असलेले साफ तुकडे वजा, अर्धवट पडलेली कामं वजा. समजा १५०० ग्रॅम घेतली, ११८० विकली, २१० चे तुकडे आहेत, ६० ची कामं पडली आहेत. राहिले ५० ग्रॅम. यापेक्षा जास्त चांदी त्या बरणीत असूच शकत नाही, आणि मोरीत, कपड्यांत, पंख्याच्या वाऱ्यात गेलेली धरली तर बरीच कमी असेल. एवढ्याशा चांदीसाठी वेगळी भट्टी लावून घेणं परवडत नाही, आणखी वर्षभर साठवा.

सोन्याचा हिशोब निराळा मांडा, अगदी तसाच. तिथे दोन ग्रॅमचा फरक निघाला तरी त्या बरणीचा खरा मालक सोनं आहे, आणि त्या माणसाला हे तुमच्या आधी कळलेलं आहे. उक्ता भाव तो चांदीचा सांगतोय. कागदावर दोन्ही आकडे काढा, बरणीला चिकटवा, आणि मगच त्याला चहाला बोलवा.